शेवटच्या घरी आलेला भारद्वाज

केडगावात पुणे रोडवरून आत वळलं की काही अंतरावर डांबर संपतं आणि मुरूम लागतो. मुरूम संपतो तिथं ढवळ्यांचं घर. घरामागं मोकळा प्लॉट. त्याचा मालक परगावी, त्यामुळं तिथं वेड्या बाभळी माजलेल्या आणि खाली घाणेरीची दाट जाळी. कॉलनीतली माणसं पाहुण्यांना पत्ता सांगताना म्हणत, "ते शेवटचं घर दिसतं ना, त्याच्या अलीकडं." शेवटच्या घरात कोण राहतं हे सांगायची वेळ सहसा येत नसे.

तिथं विजयमाला राहायची. तिचं सासर काष्टीचं. काष्टीतलं घर बाजाराच्या वाटेवर होतं. बाजारच्या दिवशी बाया तिच्या ओट्यावर टेकायच्या, तांब्याभर पाणी मागायच्या, "माला, पिशवी ठिवते गं जरा" म्हणून भाजी तिच्या दारात टाकून पुन्हा बाजारात शिरायच्या. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाची म्हैस आटली, हे सगळं तिच्या ओट्यावर आधी कळायचं. नवऱ्याला, आप्पासाहेबांना, सुप्याच्या एका कारखान्यात कायमची नोकरी लागली आणि बिऱ्हाड केडगावात आलं. मुलगी राजनंदिनी लग्न होऊन दौंडला गेली. मग घरात दोघंच. त्यातले आप्पासाहेब शिफ्टला.

कॉलनीत गुरुवारी दमयंतीबाई मुळ्यांकडं भजन असे. दमयंतीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. ताठ चालायच्या, स्वच्छ बोलायच्या, आणि कॉलनीतल्या बायका त्यांना विचारल्याशिवाय हळदीकुंकवाचा दिवसही ठरवत नसत. विजयमालाही सुरुवातीला भजनाला जायची. आवाज चांगला होता. एकदा तिला म्हणायला सांगितलं, तेव्हा तिनं सासूकडून शिकलेलं एक पद म्हटलं. त्यात पाणी हा शब्द होता. तिच्या तोंडून आला 'पानी'. मागं कुणीतरी खुदकन हसलं. हसणारीच्या मनातही फार काही नसेल. पण त्यानंतर विजयमालानं नुसत्या टाळ्या वाजवल्या, आणि पुढं पुढं तिनं जाणंच सोडलं. ती येत नाही हे कुणी बोलून दाखवलं नाही. ते तिला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

वैशाखातली गोष्ट. सकाळी ती भांड्यांचं पाणी टाकायला मागचं दार उघडून बाहेर गेली होती. परत येते तर ओट्याखालून एक सरडा सुळकन पळाला आणि त्याच्यामागं मोठं काळं पाखरू थेट स्वयंपाकघरात. तिला वाटलं कावळा. तिनं झाडू उगारला तसं ते फडफडत पुढच्या खोलीत गेलं आणि कपाटावर जाऊन बसलं. बसताना त्यानं पंख मिटले. ते पंख विटेसारखे तांबडे होते आणि डोळा गुंजेसारखा लाल.

"अगं बया," ती म्हणाली आणि तिनं झाडू खाली टाकून हात जोडले. "अहो! कुंभारकावळा आलाय. भारद्वाज!"

आप्पासाहेब बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी मान वर करून पाहिलं. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो हे त्यांनाही लहानपणापासून ठाऊक होतं. त्यांनीही क्षणभर हात जोडले. मग म्हणाले, "भ्यालंय ते. म्होरलं दार, मागलं दार, दोनी सताड उघडी टाक. आन् पंखा लावू नको. जाईल आपसूक."

"व्हय, व्हय. तुमी जावा, गाडी चुकंल."

ते सवयीनं पुढचं दार ओढून गेले. मागचं दार तिनं कुत्रं शिरेल म्हणून मघाशीच लोटून घेतलं होतं, ते उघडायचं होतं. आधी पुढचं उघडावं म्हणून ती दाराशी आली. खिडक्यांना डासांची जाळी होती, त्यामुळं पाखराला वाट दारांचीच. तिनं दार उघडलं, तर कुंपणाशी दमयंतीबाई. त्या रोज सकाळी फिरून येताना सगळ्यांच्या कुंपणावरची फुलं देवाला काढून नेत. आज ढवळ्यांच्या तगरीला हात लागला होता.

विजयमालाच्या तोंडून निघून गेलं, "बाई, भारद्वाज आलाय घरात."

"घरात? काय सांगता?"

दमयंतीबाई फाटक उघडून आत आल्या. पायरीवर चप्पल काढली. इतक्या वर्षांत त्यांनी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. कपाटाकडं बघून त्यांनी डोळे मिटून नमस्कार केला आणि मग विजयमालाच्या दंडाला धरून म्हणाल्या, "अहो, केवढं भाग्य तुमचं! बागेत दिसतो कधीमधी. पण घरात? स्वतःच्या पायांनी? तुमचं नाव काय हो? मी आपली ढवळेबाई, ढवळेबाईच म्हणते."

"विजयमाला."

"विजयमालाताई, दार तेवढं लावून घ्या. आमच्या मैत्रेयीची आज बँकेतली मुलाखत आहे. तिला दर्शन घेऊन जाऊ दे. दोन मिनिटं."

विजयमालानं दार लावलं.

दोन मिनिटांत मैत्रेयी आली. चांगली साडी नेसून, ओल्या केसांनी, आईच्या मागोमाग. तिनं हात जोडले, मोबाईलवर फोटो काढला आणि गेली. पण तो फोटो कॉलनीच्या ग्रुपवर पडला. मग कोपऱ्यावरच्या घरातली सून आली, तिची सोनोग्राफी होती. मग एकीच्या नवऱ्याच्या बदलीचं अडलं होतं, ती आली. मग ज्यांचं काही अडलं नव्हतं त्याही आल्या. प्रत्येकीसाठी दार जेमतेम अंग जाईल एवढं उघडायचं आणि पटकन लावायचं. पायरीवर चपलांचा ढीग झाला. शेजारपाजारच्या पोरांनी टाळ्या वाजवून पाखराला इकडून तिकडं उडवलं, तेव्हा आयांनी त्यांना दटावलं. पण भारद्वाजानं पंख उघडल्यावर सगळ्यांनीच "अहाहा" केलं.

विजयमाला चहा करत होती. कपबशा पुरेनात म्हणून तिनं कपाटातले पाहुण्यांचे कप काढले. ज्या कपाटावर पाखरू बसलं होतं, तेच कपाट. दार ओढताना वर पंख खरवडल्याचा आवाज झाला. तिनं कप पुसले. बायका तिच्या दिवाणावर, तिच्या खुर्च्यांवर, खाली सतरंजीवर बसल्या होत्या. कुणी विचारत होतं, गाव कुठलं. कुणी म्हणत होतं, आलं टाकलंत ना, वास छान सुटलाय. एकीनं कपाटाच्या दाराला हळदीकुंकू लावलं. उदबत्ती लागली. दमयंतीबाईंनी येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं, "या विजयमालाताई. यांच्याकडेच आलाय."

विजयमालाला काष्टीचा ओटा आठवला. कितीतरी दिवसांनी तिचे पाय जमिनीवर नीट टेकल्यासारखे वाटत होते.

आणि त्याच वेळी तिला पाखराची चोच दिसत होती. ती उघडी होती. गळ्याखालची कातडी भराभर वरखाली होत होती. काष्टीत तिच्या दारात कोंबड्या होत्या. उन्हाळ्यात कोंबडी चोच वासून धापा टाकायला लागली की तिला लगेच सावलीत न्यायची, पाण्यात चोच बुडवायची, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं वाटीत पाणी घेऊन कपाटाच्या कडेला ठेवलं. पाखरू दचकलं, खिडकीवर जाऊन आपटलं, जाळीत त्याची नखं अडकली, सुटली, आणि ते पडद्याच्या गजावर जाऊन बसलं. पाण्याची वाटी खाली सांडली.

एक म्हातारी बाई म्हणाली, "सोडा गं त्याला आता."

"सोडायचंच हाय," विजयमाला म्हणाली. "पलीकडच्या गल्लीतल्या दोगी निगाल्यात म्हनं. त्या येऊन जाऊ द्या."

हे दमयंतीबाई म्हणाल्या नव्हत्या. ती स्वतः म्हणाली होती. हे वाक्य तिला पुढं कित्येक महिने स्वतःच्याच आवाजात ऐकू येत राहिलं.

ऊन चढलं. पत्र्याचं नसलं तरी स्लॅबचं घर, दारं बंद, आत इतकी माणसं. दमयंतीबाईंनी पदरानं मान पुसली आणि म्हणाल्या, "विजयमालाताई, पंखा लावता का जरा? फार उकडतंय."

विजयमालाचा हात बटनापाशी गेला. तिला आप्पासाहेबांचं बोलणं आठवलं. विसरली असं झालं नाही. स्पष्ट आठवलं. पण बाई तिच्या घरी पहिल्यांदा आल्या होत्या, घामाघूम झाल्या होत्या, आणि पंखा लावू नका असं त्यांना सगळ्यांसमोर कसं म्हणायचं, कोणत्या शब्दांत म्हणायचं, हे तिला सुचेना. "हळू लावते," असं काहीतरी पुटपुटत तिनं बटन दाबलं.

पाती फिरायला लागली तसं गजावरचं पाखरू बिथरलं आणि उडालं. एकच आवाज झाला. कपडे धुताना थापी बसते तसा. पाखरू दिवाणाच्या पलीकडं पडलं.

कुणी ओरडलं नाही. विजयमालानं पंखा बंद केला. पाती थांबेपर्यंत सगळ्या वर बघत राहिल्या. मग कोपऱ्यावरची सून पोटावर हात धरून उठली आणि बाहेर गेली. तिच्यामागं बाकीच्या. कुणी म्हणालं, कुकर लावायचाय. कुणी म्हणालं, जरा बसलं असेल घाबरून, आराम करू द्या त्याला. दमयंतीबाई शेवटी निघाल्या. दिवाणाकडं न बघता त्या म्हणाल्या, "थोड्या वेळानं उडेल. दार उघडं ठेवा हं."

दार आता सताड उघडंच होतं.

विजयमालानं दिवाण ओढला. पाखरू एका अंगावर पडलं होतं. एक पंख उलटा झाला होता आणि फरशीवर रक्ताची तार होती. तिनं त्याला पदरात घेतलं. हाताला लागलं तेव्हा कळलं, दिसायला एवढं मोठं आणि वजनाला काहीच नाही. तिनं धुण्याच्या टोपलीत फडकं अंथरून त्याला ठेवलं, चमच्यानं चोचीत पाणी सोडलं. पाणी बाजूनं ओघळलं. डोळा तिच्याकडं होता.

गुरांचा दवाखाना रिक्षानं जाण्यासारखा होता. तिनं टोपली उचलली. दारापर्यंत आली. समोरच्या गच्चीवर दोघी उभ्या होत्या, खालच्या घराच्या व्हरांड्यात कुणीतरी बसलं होतं. टोपली घेऊन गल्लीभर चालायचं, प्रत्येक दारासमोरून. तिनं टोपली आत नेली. ऊन उतरल्यावर नेऊ, असं तिनं स्वतःला सांगितलं. ऊन उतरायच्या आतच पाखरू गेलं.

दुपारी सगळी दारं बंद असताना ती मागच्या प्लॉटमध्ये गेली. जमीन दगडासारखी. उलथन्यानं जेवढं उकरता आलं तेवढं उकरलं, फडक्यासकट त्याला ठेवलं आणि माती लोटली. मग घरी येऊन फरशी पुसली, कपाटावरचं हळदीकुंकू पुसलं. स्टुलावर चढून कपाटावर पाहिलं तर विष्ठेचे पांढरे फराटे, तेही पुसले.

संध्याकाळी आप्पासाहेब आले. बूट काढताना त्यांनी विचारलं, "गेलं का गं पाखरू?"

"गेलं," ती म्हणाली.

"बरं झालं."

दुसऱ्या दिवशी दुधाच्या पिशव्या आणताना दोघी भेटल्या. त्यातल्या एकीनं विचारलं, "गेला ना हो उडून?" तिनं असं विचारलं की त्याला हो म्हणण्यावाचून दुसरं उत्तर नव्हतं. विजयमाला म्हणाली, "गेला." दोघींचे चेहरे मोकळे झाले. "वाटलंच," दुसरी म्हणाली. "देवाचा पक्षी तो. त्याला काय होतंय." ही दुसरी पंख्याखालीच बसली होती.

पुढं तर त्या भारद्वाजाचं कौतुक वाढतच गेलं. मैत्रेयीला नोकरी लागली. बदलीचं काम झालं. सोनोग्राफी चांगली आली. विजयमालाला भजनाचं बोलावणं आलं, दमयंतीबाईंनी तिला पुढं, आपल्या शेजारी बसवलं. पदातल्या पाण्याला ती आता 'पानी'च म्हणाली तरी कुणी हसलं नाही. मागच्या प्लॉटमधून सकाळी 'कूप, कूप, कूप' असा घुमणारा आवाज येई आणि फिरायला निघालेल्या बायका थबकून म्हणत, "ऐकलं का? आपला भारद्वाज." विजयमालाला माहीत होतं की भारद्वाज जोडीनं राहतात. हे जोडीतलं दुसरं होतं. पहाटेपासून हाक सुरू व्हायची. ऊन तापेपर्यंत चालायची. ती भांडी आपटून घासायची, नळ मोठा सोडायची.

एके दिवशी तिला राहवेना. ती प्लॉटमध्ये गेली. जिथं पुरलं होतं तिथं दगड रचलेले होते. चांगले बसवून, फटीत फट न ठेवता. तिनं दगड ठेवले नव्हते. तिच्या लक्षात आलं, कुत्र्यानं कधीतरी उकरलं असणार. आणि कुणीतरी ते पुन्हा पुरलं होतं. दगड बसवायची ही पद्धत ती ओळखत होती. काष्टीत शेताचा बांध आप्पासाहेब असाच रचायचे.

त्या रात्री जेवताना तिनं त्यांच्याकडं पाहिलं. ते भाकरी मोडत होते.

"तुमाला ठावं हुतं?"

त्यांनी घास चावून गिळला. "व्हय."

"मग बोललात का न्हाई?"

"तू म्हनलीस गेलं. म्हनलं, सांगायचं आसंल तवा सांगंल."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. इतके दिवस हा माणूस आपल्यासमोर बसून जेवत होता, आपलं खोटं समजून उमजून गिळत होता. तिनं ताट सरकवलं. मग बटनापासून टोपलीपर्यंत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी थांबलो आसतो तर झालं नसतं." ती म्हणाली, "तुमी सांगून गेल्ता."

मैत्रेयीच्या नोकरीच्या पेढ्यांना दमयंतीबाईंनी सगळ्यांना बोलावलं होतं. घर भरलेलं. दमयंतीबाईंनी पहिला पेढा विजयमालाच्या हातावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ही सगळी तुमच्या भारद्वाजाची कृपा."

विजयमालानं पेढा ताटलीत परत ठेवला.

"बाई, तो मेला."

"कोण?"

"भारद्वाज. पंख्याचं पातं बसलं, तवाच. दुपारी मेला. मी मागं पुरला. उडाला म्हनून सांगितलं ते खोटं हुतं."

मैत्रेयीनं आईकडं पाहिलं. कुणाच्या तरी बशीत चमचा पडला. एकजण म्हणाली, "असं बोलू नये हो आनंदाच्या घरात." दमयंतीबाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तांबडा झाला. त्या म्हणाल्या, "चहा गार होतोय सगळ्यांचा." आणि आत निघून गेल्या.

त्यानंतर भजनाचं बोलावणं आलं नाही. तगरीची फुलं झाडावरच राहू लागली. रस्त्यात बायका बोलायच्या, पण चालता चालता. विजयमालाला वाटलं होतं, एकदा खरं बोललं की हलकं होईल. तसं झालं नाही. पण आता कुणाला खोटं सांगावं लागत नव्हतं. लाज मात्र तशीच होती. नुसती लाज, काही झाकायचं नसलेली. तिच्याबरोबर जगता येतं हे तिला हळूहळू कळलं.

पावसाळा अर्धा सरला होता तेव्हा एका दुपारी दमयंतीबाई आल्या. एकट्या. आत आल्या, दिवाणाच्या कडेवर बसल्या. विजयमालानं पाणी दिलं. खोली उकडत होती. दोघीही घामेजल्या होत्या. पंखा बंद होता आणि दोघींपैकी कुणी त्याचं नाव काढलं नाही.

"मीच म्हणाले होते," दमयंतीबाई म्हणाल्या. "उकडतंय म्हणून. आणि दार लावा, तेही मीच."

"म्हनाला तुमी."

"चाळीस-चाळीस पोरांना पक्षी शिकवले मी वर्गात. फळ्यावर चित्रं काढून." त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला. "त्या दिवशी पेढ्याच्या वेळी मला तुमचा राग आला. मग घरी कुणी नसताना माझा आला. दोघींनी मिळून केलं असं म्हणू या का आपण?"

विजयमालाला मोह झाला. असं म्हणणं सोपं होतं, आणि बाईंच्या तोंडून आलं म्हणून गोडही होतं.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "तुमचं तुमी बघा. बटन माज्या हातानं दाबलं. मला आठवत असून दाबलं."

दमयंतीबाईंना ते लागलं असावं. त्यांनी पेला खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, कुठं पुरलाय. विजयमालानं त्यांना मागं नेलं. पावसानं घाणेरी वाढून दगड जवळजवळ झाकले होते. दमयंतीबाईंनी साडी सावरत वाकून एक फांदी बाजूला केली, पाहिलं, आणि नमस्कारासाठी वर नेलेले हात तसेच खाली आणले.

आता विजयमाला भजनाला पुन्हा जाते. मागं बसते. म्हणायला सांगितलं तर म्हणते. कॉलनीत नवं बिऱ्हाड आलं की कुणीतरी हौसेनं ओळख करून देतंच, "या विजयमालाताई. यांच्या घरात भारद्वाज आला होता बरं का." नवी बाई कौतुकानं बघते. विजयमाला प्रत्येक वेळी म्हणते, "आला हुता. माज्याकडून मेला." मग विषय कुठल्या तरी भाजीवर जातो.

आप्पासाहेब एकदा म्हणाले, "किती दिवस सांगत बसनार तू? सोड की आता."

"कुनी इच्यारलं तर काय सांगू मग?" तिनं विचारलं.

त्यांनी ताट पुढं ओढलं. ती भाकरी थापत राहिली.